निबंधातला ओढा

माझ्या इंग्रजी निबंधात एक ओढा होता. गावाच्या कडेनं झुळझुळ वाहणारा, दोन्ही काठांवर हिरवळ असलेला. पहाटे पाखरं गायची, शेतं वाऱ्यावर डोलायची, माणसं साधी, समाधानी होती. हा निबंध मी पुण्यातल्या एका संस्थेकडे पाठवला. इंग्रजी शिकवण्याचा वर्षभराचा अभ्यासक्रम, राहण्याजेवणाची सोय तिथेच, आणि निवड झाली तर सगळं मोफत. प्रवेशासाठी एकच गोष्ट हवी होती, आपल्याला नीट माहीत असलेल्या एखाद्या जागेविषयी इंग्रजीतून एक लेख.

मला नीट माहीत असलेली जागा म्हणजे जामखेड तालुक्यातलं आमचं गाव. आमच्या गावाला ओढा आहे. पावसाळ्यातले थोडे दिवस सोडले तर त्यात फक्त दगड आणि वेड्या बाभळी असतात. आणि माझे वडील, अण्णा, पाण्याचा टँकर चालवतात.

हे सगळं डोळ्यांसमोर असूनही मी तसा निबंध कसा लिहिला, याचं उत्तर सोपं आहे. 'माझे गाव' हा इंग्रजी निबंध मी शाळेपासून लिहीत आले होते. गाईडमधला पाठ करायचा, परीक्षेत उतरवायचा. इंग्रजीतलं गाव तसंच असतं, असं कुणी सांगितलं नव्हतं, पण आम्ही सगळ्यांनी तसं मानलं होतं. घरात पदवीपर्यंत पोहोचलेली मी पहिली. इंग्रजी घेऊन बी.ए. झाले, व्याकरणात सहसा चुकायचे नाही, पाठ केलेले भारदस्त शब्द पुष्कळ होते. त्या शब्दांत मी स्वतःचं काहीच कधी लिहिलं नव्हतं, हे मात्र मला माहीत नव्हतं.

पाठवण्याआधी तो निबंध मी अण्णांना मराठीत सांगितला होता. ते जेवत होते. सगळं ऐकून म्हणाले, "लई भारी गाव हाय. तिथं माझी नोकरी गेली असती बघ ताई."

आई हसली, मीही हसले. त्यांनी मला केवढं मोठं सांगितलं होतं, ते मला तेव्हा कळलं नाही.

निवड झाली नाही. संस्थेचं दोन ओळींचं उत्तर आलं, आणि पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करता येईल, पण त्यानंतर नाही, असं त्यात लिहिलेलं होतं. म्हणजे एकच संधी उरली होती. ती गेली असती तर मी तालुक्याला लोकांचे दाखल्यांचे अर्ज भरून देण्याचं जे काम तात्पुरतं धरलं होतं, तेच कायमचं झालं असतं. त्या कामात वाईट काही नाही. पण मला शिकवायचं होतं, आणि पुढच्या शिक्षणाचा खर्च उचलण्यासारखं घर आमचं नव्हतं.

मी सरांकडे गेले. हायस्कूलला त्यांनी आम्हाला इंग्रजी शिकवलं होतं. निवृत्तीनंतर ते तालुक्याच्या स्टँडमागच्या गल्लीत राहत. घरात माणसं कमी आणि वर्तमानपत्रांचे गठ्ठे जास्त. त्यांनी माझा निबंध हातात घेतला आणि मोठ्यानं वाचायला लागले. आपलं लिहिलेलं दुसऱ्याच्या आवाजात ऐकणं फार अवघड असतं. मी चटईकडे बघत बसले.

ओढ्यापाशी सर थांबले. "हा ओढा कुठे आहे गं?"

"गावात, सर."

"मला नक्की जागा सांग. मी सकाळी फिरायला जातो, इकडे सगळी धूळच आहे."

सरांनी पेन्सिलीनं ओढ्याभोवती गोल काढला. मग पाखरांभोवती, मग समाधानी माणसांभोवती. कागद परत देताना म्हणाले, "एकही चूक नाही. फक्त मला काही दिसलं नाही."

त्यानंतर वर्षभर मी आठवड्यातून दोनदा त्यांच्याकडे गेले. सर शिकवणीसारखं शिकवत नसत. इंग्रजी वर्तमानपत्रातला एक लेख द्यायचे. तो वाचायचा, पेपर मिटून ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी तोच मुद्दा आपल्या वाक्यांत लिहायचा. मग दोन्ही शेजारी ठेवून बघायचं, की त्या लेखकानं जे एका वाक्यात सांगितलं त्याला मला चार का लागली. शब्दकोश मला अर्थासाठीच माहीत होता. त्यातली उदाहरणाची वाक्यं वाचायची असतात, कुठल्या क्रियापदाशेजारी कुठलं नाम बसतं ते त्यात दिसतं, हे सरांनी दाखवलं. मोबाईलवर काय काय फुकट मिळतं, ते मी त्यांना दाखवलं. परदेशी विद्यापीठांनी लेखनाबद्दल घातलेली पानं, मुलाखतींचे कार्यक्रम, शब्दांच्या जोड्या सांगणारे कोश. बसमध्ये मी कानाला हेडफोन लावून एकच मुलाखत पुन्हा पुन्हा ऐकायचे आणि घरी आल्यावर त्यातलं एक उत्तर आठवेल तसं लिहून काढायचे.

सरांना मोबाईलचं कौतुक वाटायचं, पण ते बजावायचे, "हे सगळं भांड्यांसारखं आहे. आत काय घालणार, ते तुझं तू आणायचंस."

आणि ते मला जमत नव्हतं. वाक्यं मोकळी झाली, लहान झाली, पण गावाविषयी लिहायला बसले की हात थांबायचा. गाईडमधलं गाव आता लिहवत नव्हतं. आणि आमचं गाव इंग्रजीत लिहिण्यासारखं आहे, हे मनाला पटत नव्हतं. धूळ, निळे पिंप, टँकरच्या मागे पळणाऱ्या बायका. कुणाला सांगायचं हे? आणि का?

एकदा सरांनी सरळच विचारलं, "तुझ्या गावात तू डोळ्यांनी पाहिलेली, आजही विसरली नाहीस अशी एक गोष्ट सांग. मराठीत सांग."

मी सांगितली. मी अकरावीत होते तेव्हाची गोष्ट. उन्हाळा होता. अण्णांचाच टँकर आमच्या वस्तीवर यायचा आणि रस्त्याच्या कडेला मांडलेले पिंप पाईपनं भरायचा. त्या दिवशी टँकर उशिरा आला, पाणी कमी होतं. शेजारची एक बाई, आमच्याच भावकीतली, सगळ्यांसमोर आईला म्हणाली, "तुला काय कमी? ड्रायव्हरची बायकू तू. आमच्या आधी तुजं घर भरत आसंल." वर एक शिवीही दिली. आईनं उलट शिवी दिली. मग आईच्या कमरेवर आमच्या वाट्याला आलेला एकच भरलेला हंडा होता, तो तिनं खाली घेतला आणि रस्त्यावर ओतला. शेवटच्या थेंबापर्यंत. पाणी धुळीत जिरलं. अण्णा पाईप हातात धरून उभे होते. त्या दिवशी आम्ही दुसऱ्या वस्तीवरून पाणी आणलं.

सरांनी पेन्सिल माझ्यापुढे सरकवली. मग म्हणाले, "हे लिही."

मी लिहिलं. किती वेळा लिहिलं ते मोजलं नाही. पहिल्या खर्ड्यात आई 'शूर' होती, शेजारीण 'निर्दय' होती. सरांनी दोन्हींभोवती गोल काढले. "हे तुझं मत झालं. मला हंडा दाखव." हंडा दाखवायला इंग्रजीत लांब शब्द लागले नाहीत. कडेवर कसा होता, कुठल्या हातानं खाली घेतला, पाण्याचा आवाज कसा बारीक होत गेला, एवढंच लागलं. बी.ए.च्या तीन वर्षांत मी जे शब्द पाठ केले होते, त्यातला जवळजवळ एकही या लेखात आला नाही.

लेख झाला तेव्हा अर्जाची मुदत जवळ आली होती. पाठवण्याआधी तो घरी सांगायचा, हे मी मागच्या वेळेसारखंच ठरवलं होतं. संध्याकाळी अण्णा ओट्यावर बसले होते, आई शेंगा निवडत होती. मी एकेक वाक्य मराठीत सांगत गेले.

हंड्यापाशी आले तसे अण्णा म्हणाले, "थांब."

मी थांबले.

"हे पुन्याला पाठवनार तू?"

"हो."

"पानी वतलं ते? उन्हाळ्यात, लोकांच्या म्होरं? टँकरवाल्याच्या घरानं पानी वतलं, हे लोकांला सांगायचं व्हय?" त्यांचा आवाज चढला नव्हता. त्यामुळे मला जास्त लागलं. "मागचं चांगलं हुतं की. वढा हुता, पाखरं हुती."

"मागचं खोटं होतं अण्णा."

"खोटं हुतं, पन त्यात आपली अब्रू हुती."

याचं पूर्ण उत्तर आजही माझ्याकडे आहे, असं मी म्हणणार नाही. ज्यांच्यामुळे मी शिकले, त्यांचीच गोष्ट त्यांना वाचता न येणाऱ्या भाषेत, त्यांना न ओळखणाऱ्या माणसांसमोर मांडायची, हा अधिकार मला कुणी दिला? तो परिच्छेद काढला तर लेखात काही उरत नव्हतं. ठेवला तर अण्णांच्या मनाविरुद्ध तो जाणार होता. मी म्हणाले, "नको असंल तर नाही पाठवत." खरंच पाठवला नसता.

आईनं हातातल्या शेंगा सुपात टाकल्या.

"पानी मी वतलं. मला इचारा की."

अण्णा म्हणाले, "बोल मग."

"पाठव गं तू," आई मला म्हणाली. "पन एक बदल. तू लिवलंय, दोघींनी शिव्या दिल्या. तसं न्हाई. पैली शिवी तिनं दिली. मी न्हाई दिली आधी. ते नीट लिव."

"आगं, त्यानं काय फरक पडतो तिकडं?" अण्णा म्हणाले.

"तुमाला न्हाई पडत. मला पडतो."

सूप उचलून आई आत गेली. अंधार पडायला लागला होता. उठता उठता अण्णा, माझ्याकडे न बघता, म्हणाले, "मग त्ये बी लिव. आपला पिंप शेवटी भरायचा. सगळ्यांचे झाल्यावर. रोज. कमी पडलं तर आपल्याला न्हाई. ते लिवलं का तू?"

मी लिहिलं नव्हतं. लहानपणापासून बघत आलेली गोष्ट, त्यामुळे ती सांगायची असते हे सुचलंच नव्हतं. आमचा पिंप ओळीत शेवटी असायचा, अण्णा तिथपर्यंत येताना पाईपची धार कशी बारीक होत जायची, आणि पहिली शिवी कुणाची होती, हे मी त्या दोघांच्या सांगण्यावरून लेखात घातलं. शेजारणीचा आरोप खोटा होता, हे मी कुठेही म्हटलं नाही. म्हणायची गरज उरली नाही.

सरांनी शेवटचा खर्डा मोठ्यानं वाचला आणि एकही गोल न काढता परत दिला. "चहा घे," एवढंच म्हणाले.

मुलाखतीचं बोलावणं आलं. पुण्याला मी एकटी गेले. टेबलामागे तिघं होते. दोघांनी पुस्तकांविषयी, शिकवण्याविषयी विचारलं. मी उत्तरं दिली, काही बरी, काही अडखळत. तिसऱ्या एक वयस्क बाई होत्या. त्यांच्यासमोर माझा लेख होता. त्यांनी इंग्रजीत विचारलं, "पहिली शिवी आईनं दिली नाही, असं तुम्ही लिहिलंय. हे आईनं सांगितलं म्हणून, की तुम्ही ऐकलं होतं?"

पाठ केलेलं कुठलंच वाक्य इथे चालणार नव्हतं. मी म्हणाले की मी आईच्या मागे, कळशी घेऊन उभी होते. मी स्वतः ऐकलं. पहिल्यांदा लिहिताना मी ते गाळलं होतं, कारण मला ते लहानसं वाटलं. आईला ते लहान वाटलं नाही.

बाईंनी मान हलवली आणि लेख मिटून ठेवला.

निवड झाल्याचं नंतर कळलं. हे मी त्याच संस्थेच्या वसतिगृहात बसून लिहिते आहे. सरांना पहिला फोन केला, तेव्हा ते म्हणाले, "आता तुझ्या विद्यार्थ्यांच्या निबंधांतले ओढे शोध." पण माझ्या मनात जास्त राहिला आहे तो त्याआधीचा, मुलाखतीच्या दिवशीचा फोन. मी बसस्टँडवर उभी होते. आईनं उचलला.

"झालं का गं? काय इचारलं?"

"तुझंच विचारलं. आधी शिवी कुणी दिली म्हणून."

"आगं बाई. मग?"

"सांगितलं, तू नाही दिलीस."

"इंग्रजीत?"

"इंग्रजीत."

"कसं म्हनलीस? म्हन की एकदा."

स्टँडवर गाड्यांचा गोंगाट होता. कानावर हात ठेवून मी ते वाक्य म्हटलं, जसं आत म्हटलं होतं तसं. आईला त्यातला एकही शब्द कळला नसणार. तिनं ते पूर्ण ऐकून घेतलं. मग फोन बाजूला धरून हाक मारल्याचा आवाज आला, "आवं, हिकडं या. ऐका जरा." आणि मला म्हणाली, "परत म्हन."

मी परत म्हटलं.