फायलीतून बाहेर हो

व्हर्ना लिंडालने जन्मात कधी कुणाला "सरक" म्हटलं नव्हतं. चर्चमध्ये तिच्या नेहमीच्या बाकावर कुणी पाहुणा येऊन बसला, तर ही बाई पाठीमागे उभी राहून अख्खी प्रार्थना काढते. गावच्या शाळेत तिने उभी हयात स्वयंपाक केला. रांगेत मधेच घुसणाऱ्या कार्ट्याला मी कान धरून बाहेर काढला असता. ती म्हणायची, "जास्त भूक लागली असेल रे त्याला."

मी डेलमर. टायरचं दुकान होतं माझं. गावात मी उद्धट म्हणून ओळखला जातो, आणि कारण एवढंच, की मला काही हवं असलं तर मी ते मागतो. मिनेसोटाच्या या टोकाला तेवढं पुरतं. चर्चच्या कॉफीला ताटलीत लेमन बारचा, म्हणजे लिंबाच्या गोड वडीचा, एकच तुकडा उरला, की त्याला कुणी हात लावत नाही. मग कुणीतरी त्यातला अर्धा कापून घेतं, पुढचा त्या अर्ध्यातला अर्धा, आणि शेवटी नखाएवढा चुरा उरतो. मी सबंध तुकडा उचलून तोंडात टाकतो. माझी आई शिकागोची होती, म्हणून लोक पोटात घालतात.

आता हाच स्वभाव घेऊन माणसं कॉम्प्युटरसमोर बसली तर काय व्हायचं? तेच झालं.

आमच्या चर्चची गाड्यांची सेवा आहे. ज्यांना आता गाडी चालवता येत नाही, त्यांना डॉक्टरकडे किंवा दुकानात न्यायचं आणि परत आणायचं. आम्ही दहाबारा म्हातारे ड्रायव्हर, आणि वेळापत्रक व्हर्नाच्या हाती. पूर्वी ते चर्चच्या स्वयंपाकघरात भिंतीवर डकवलेलं असायचं. मग चर्चच्या सेक्रेटरीने, लव्हॉनने, त्याची एक्सेल फाइल केली आणि क्लाउडवर टाकली, म्हणजे सगळ्यांना फोनवर दिसेल. कल्पना चांगली होती. लव्हॉनच्या सगळ्याच कल्पना चांगल्या असतात, निस्तरायला आम्ही आहोतच.

व्हर्ना फाइल उघडायला गेली, की कॉम्प्युटर सांगायचा, ही लव्हॉनने उघडलेली आहे, तुम्हाला प्रत करून देऊ का? दुसरं कुणी असतं तर फोन उचलून विचारलं असतं, बाई गं, तुझं झालं का? व्हर्ना म्हणायची, जाऊ दे, तिला कशाला त्रास. आणि प्रत करून घ्यायची. लव्हॉन तर तिच्याही वरताण. त्यात व्हर्नाचं घर तळ्याकाठी, तिथलं नेट वाऱ्याच्या मर्जीवर. नेट गेलेलं असताना ती इकडे लिहायची, लव्हॉन तिकडे लिहायची, आणि नेट परत आलं की क्लाउडला कळेना, खरं कुणाचं धरायचं. तोही मिनेसोटाचाच असावा. कुणालाच नाही म्हणायचा नाही. दोन्ही फायली ठेवायचा आणि एकीच्या नावापुढे 'व्हर्नाचा लॅपटॉप' असं जोडून द्यायचा. बघता बघता 'वेळापत्रक', 'वेळापत्रक प्रत', 'वेळापत्रक प्रत नवीन', 'वेळापत्रक खरं' अशी सगळी भावंडं एका फोल्डरात नांदायला लागली.

एकदा म्हाताऱ्या योर्डिस मोएनला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायला दोन गाड्या येऊन उभ्या राहिल्या. "तू ने तिला." "नाही, नाही, तू आधी आलास." "अरे, पण तुझी गाडी गरम आहे." शेवटी योर्डिसने दोघांनाही आत बोलावून कॉफी पाजली, आणि डॉक्टरची वेळ टळून गेली. यावर गाव पोट धरून हसलं. मीही हसलो.

ऑर्व्हिल बाकेच्या वेळी मात्र कुणी हसलं नाही. ऑर्व्हिलचं एक दिवसाआड डायलिसिस असतं, तेही तासाभरावरच्या शहरात. बायको गेल्यापासून तो एकटा राहतो. मुलगी रिने मिनियापोलिसला बँकेत मोठ्या हुद्द्यावर आहे. तिने तिकडच्या एका वृद्धाश्रमात त्याच्यासाठी खोली बघून ठेवली होती, मशीन तिथेच खालच्या मजल्यावर. ऑर्व्हिलला जायचं नव्हतं. त्याचं तळं इथे, गोठलेल्या तळ्यावर मासे धरायची त्याची टपरी इथे, बायको टेकडीवरच्या दफनभूमीत इथेच. "तिकडे गेलो की मी फार दिवस टिकणार नाही," असं तो सांगायचा, उद्या बर्फ पडणार आहे हे सांगावं तितक्या शांतपणे.

त्या शनिवारी मी एक फाइल बघितली, तिच्यात ऑर्व्हिलपुढे आमच्यातल्याच एका ड्रायव्हरचं, ड्वेनचं, नाव होतं. ड्वेनने दुसरी बघितली, तिच्यात माझं. आम्ही दोघंही घरी निवांत. आणि ऑर्व्हिल कोट, टोपी, बूट चढवून दाराशी खुर्चीत बसून राहिला. फोन म्हणून केला नाही. नंतर म्हणाला, "म्हटलं, तुम्ही कामात असाल." शेवटी डायलिसिसवाल्यांनी रिनेला कळवलं, तिने तिथूनच ऑर्व्हिलच्या शेजाऱ्याला पिटाळलं, आणि संध्याकाळी कशीबशी मशीन मिळाली. तोवर पाय असे सुजले होते की बूट निघेना.

रिनेने व्हर्नाला फोन केला. "मिसेस लिंडाल, तुमचा काही दोष नाही," ती म्हणाली. इथलं माणूस असं म्हणालं की समजावं, आता खैर नाही. "पण परत एकदा जरी असं झालं, तर मी बाबांना घेऊन जाईन."

व्हर्ना तशीच माझ्याकडे आली. नाक लालेलाल. "डेलमर, माझ्यापायी त्याचं घर सुटणार रे."

"रडून काय होणार? आधी फाइल एक कर," मी म्हणालो.

लव्हॉनने दिवसभर कुणाकुणाला फोन करून माहिती काढली. सगळ्यांनी थेट इंटरनेटवरच फाइल उघडली तर एकाच वेळी लिहिता येतं म्हणे, पण तळ्याकाठच्या नेटवर त्याचा भरवसा कोण देणार? तेव्हा ठरलं ते असं. फाइल एकच, बाकीची भावंडं कचऱ्यात. उघडण्याआधी फाइल क्लाउडशी जुळल्याची हिरवी खूण दिसते का बघायचं, लिहून झालं की लगेच बंद करायची, आणि खूण पुन्हा हिरवी झाल्याशिवाय लॅपटॉप मिटायचा नाही. कॉम्प्युटरने प्रत देऊ का विचारलं तर साफ नाही म्हणायचं. आणि आत दुसरं कुणी असलं तर फोन करून सांगायचं, बाहेर हो.

बाकी सगळं व्हर्नाला पटलं. शेवटचं घशात अडकलं. मग चर्चच्या स्वयंपाकघरात मी तिचा सराव घ्यायला लागलो.

"समज, मी लव्हॉन आहे. मी आत आहे. बोल."

"लव्हॉन, तुला सवड झाली, तर घाई काही नाही..."

"घाई आहे."

"थोडीशी घाई आहे, पण तुझं काम आधी होऊ दे..."

"व्हर्ना, ऑर्व्हिल बूट घालून बसलाय."

"असं नको ना बोलूस," ती म्हणाली आणि भांडी पुसायला लागली. धुतलेली, पुसलेली भांडी पुन्हा पुसली तिने. मी डोक्याला हात लावला.

त्यात रिनेने कळवलं, फाइल मलाही दाखवा, मी रोज बघेन. दाखवली. आता ती बाई बँकेत पोचली की सकाळीच फाइल उघडायची आणि दिवसभर तशीच ठेवायची, वर बापाच्या नावासमोर लिहायची, 'कानातलं यंत्र घालायला सांगा', 'मफलर'. ती आत असली की व्हर्ना गप्प बसून वाट बघायची. रिने जेवायला उठली आणि फाइल बंद झाली, की ही घाईघाईने लिहून घ्यायची. कसंबसं निभत होतं.

मग एका बुधवारी वादळ आलं. मी व्हर्नाच्या दारातला बर्फ ओढायला गेलो होतो. आत आलो तर ती लॅपटॉपसमोर बसलेली. ड्वेनच्या घरचा रस्ता बर्फाखाली गेला होता, आणखी दोघंतिघं अडकले होते, म्हणजे गुरुवारचं सगळंच वेळापत्रक फिरवायला हवं होतं. ऑर्व्हिल उद्याच्याच यादीत, ड्वेनच्याच गाडीत. नुसते फोन करून सांगायचं तेही पूर्वी करून झालेलं, फोनवर एक आणि फायलीत एक, आणि गोंधळ दुप्पट. दिवे लुकलुकत होते. नेट कोणत्याही क्षणी जाणार. आणि पडद्यावर आलेलं, रिने बाके यांनी फाइल उघडलेली आहे, प्रत करून देऊ का?

व्हर्नाचं बोट 'हो'वर जाऊन थांबलं. मी कसा गप्प बसलो ते माझं मलाच माहीत. मग तिने फोन उचलला.

"रिने, मी व्हर्ना. कशी आहेस गं? तिकडे किती बर्फ?" मी दात आवळले. "हो का? इकडे दाराच्या कडीपर्यंत आलाय. बरं, रिने, तू फायलीत आहेस."

"हो, बाबांचं उद्याचंच बघत होते."

"बाहेर हो."

"काय म्हणालात?"

"बाहेर हो म्हटलं, आत्ताच्या आत्ता. तुझ्या बाबांची गाडी बदलायची आहे आणि माझं नेट चाललंय. मागाहून काय रागवायचं ते रागव." आणि तिने फोन ठेवला. निरोप नाही, काही नाही. इथे नुसतं येते म्हणायला आम्हाला दारात अर्धा तास लागतो.

पडद्यावरचं रिनेचं नाव गेलं. व्हर्नाने नाही म्हणून प्रतीची चौकट घालवली, फाइल उघडली, नावं फिरवली, ऑर्व्हिलसमोर डेलमर लिहिलं, बंद केली. आम्ही दोघं श्वास रोखून त्या खुणेकडे बघत बसलो. हिरवी झाली. एवढ्यात दिवे गेले.

अंधारात ती म्हणाली, "मी तिच्यावर फोन आपटला, डेलमर. आता नेणारच ती त्याला."

"तू बरोबर केलंस," मी म्हणालो. मग चाचपडत मेणबत्ती शोधायला लागलो.

गुरुवारी पहाटे बर्फ काढणारा नांगर फिरून रस्ता मोकळा झाला आणि मी वेळेवर ऑर्व्हिलच्या दारात होतो. निघालो. अर्ध्या वाटेवर त्याचा फोन वाजला. तो बहिरा, त्यामुळे फोन ठणाणा मोठा, सगळं मला ऐकू येत होतं.

"बाबा, निघालात?"

"निघालो. डेलमर आहे."

"बाबा, मी ती खोली नको म्हणून कळवलंय."

"का गं?"

"काल मिसेस लिंडालनी मला फायलीतून हाकलून दिलं. शाळेत मी रांग मोडायचे तेव्हाही कधी ओरडल्या नव्हत्या त्या. तुमच्यासाठी तिथे कुणी इतकं पेटून उठत असेल, तर मी तुम्हाला इथे आणून आणखी काय करणार आहे?"

"बरं," ऑर्व्हिल म्हणाला आणि फोन खिशात ठेवला.

मग त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली.

"व्हर्ना म्हणाली? बाहेर हो म्हणून?"

"मी समोर होतो."

"आपली व्हर्ना?"

"आपलीच."

त्याने खिडकीकडे तोंड फिरवलं. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, नुसती पांढरी शेतं. शहर येईपर्यंत तो तिकडेच बघत राहिला, आणि मी गाडी जरा हळू चालवली.