चेंडू जातो कुठे?

अहमदनं वर्षभरात आपल्या मुलीच्या खेळाचे छत्तीस व्हिडिओ काढले होते, आणि त्यातला एकही कामाचा नव्हता. लेस्लीनं सगळे बघितले, दोनदा बघितले, आणि कपाळाला हात लावला.

लेस्ली मूळचा वसईचा. बहारीनला, मनामातल्या एका हॉस्पिटलात बावीस वर्षं पेशंटांच्या फायली सांभाळतोय, पण कुणी विचारलं तर आधी बास्केटबॉलचं सांगेल, फायलींचं नंतर. ड्युटी संपली की गाडी काढून जनाबियाला जायचं, तिथल्या एका शाळेच्या कोर्टवर आपल्याकडच्या मुलींना खेळवायचं, हा त्याचा रोजचा रतीब. बायको जोसेफीन म्हणते, "लग्न माझ्याशी आणि संसार त्या चेंडूशी!"

एवढ्या वर्षांत त्याला खरी पॉइंट गार्ड एकच मिळाली, ती तस्नीम. अहमदची मुलगी, सतरा वर्षांची. पॉइंट गार्ड म्हणजे चेंडू पुढे आणणारी आणि तो कुणाला, कधी द्यायचा हे ठरवणारी. तस्नीम बघते एकीकडे आणि चेंडू देते दुसरीकडे. जिला देते, तिलाही तो हातात आल्यावरच कळतं की आपण मोकळ्या उभ्या होतो. स्वतः बास्केट क्वचितच करते. टाळ्या सिल्व्हियाला, बक्षीस तय्यबाला, आणि ही आपली पाण्याची बाटली शोधत असते.

अहमद मनामाच्या सूकमध्ये, म्हणजे जुन्या बाजारात, एका दुकानात क्लार्क होता. दुकान जूनमध्ये बंद होणार, व्हिसाही तिथेच संपणार. मग सगळ्यांनी कोकणात, खेडजवळच्या गावी परत. तिथे घर आहे, कॉलेज आहे, पण बास्केटबॉलचा खांब नाही. एकच वाट होती. पुण्याच्या एका कॉलेजात खेळाडूंसाठी राखलेली जागा होती, हॉस्टेलसकट. तिथल्या कोच स्मितामॅडमनी लेस्लीला कळवलं होतं, मुलगी कशी खेळते ते नीट लिहून पाठवा, सोबत व्हिडिओ पाठवा, मुदत रविवारपर्यंत.

आणि इथेच घोडं पेंड खात होतं. अहमदचे व्हिडिओ गावच्या ग्रुपसाठी काढलेले. त्याच्या थोरल्या बहिणीला, शरीफुन्निसाला, भाचीचा चेहरा दिसला पाहिजे. म्हणून प्रत्येक व्हिडिओत तस्नीमचा चेहरा, एवढा मोठा. तिच्या हातातून चेंडू सुटतो आणि चित्रातूनही जातो. अहमद मोबाइल तिच्यावरच रोखून उभा. दोन सेकंदांनी टाळ्या ऐकू येतात, म्हणजे कुठेतरी बास्केट झालेलं असतं. वर अहमदचा आवाज, "अगं, दिलास कशाला? तूच टाक ना!"

तरी लेस्लीनं त्यातला एक पाठवून बघितला. स्मितामॅडमचं उत्तर आलं: मुलगी गोड आहे, पण चेंडू जातो कुठे?

स्कोअरशीटवर फक्त बास्केट कुणी केलं तेवढंच लिहितात, पास कुणी दिला ते नाही. लेस्लीला हे नवीन नव्हतं. वसईत तोही पॉइंट गार्डच होता. जिल्ह्याच्या निवडीला साहेबांनी कागद बघून विचारलं होतं, "सबंध सामन्यात दोनच बास्केट?" आणि पुढच्याचं नाव पुकारलं होतं. तो राग अजून पुरता गेला नव्हता.

शुक्रवारी शेवटचा सामना होता. लेस्लीनं अहमदला सर्वांत वरच्या पायरीवर उभं केलं. "अहमदभाई, हात हलवायचा नाही. पूर्ण कोर्ट दिसलं पाहिजे. तस्नीम मुंगीएवढी दिसली तरी चालेल."

अहमद खांबासारखा उभा राहिला. चाळीस मिनिटांत हात तसूभरही हलला नाही. हलली ती तस्नीम. पहिल्या मिनिटापासून चेंडू घेतला की सरळ आत घुसायची आणि स्वतः टाकायची. लेस्ली कडेनं "पास! पास!" ओरडून घसा कोरडा करून बसला, पण पालथ्या घड्यावर पाणी. तिनं सव्वीस पॉइंट केले आणि टीम अकरा पॉइंटांनी हरली.

"तस्नीम, हे काय होतं?"

ती बुटाची नाडी सोडत राहिली. "बट अंकल, अब्बा सेड द कॉलेज इज वॉचिंग. सो आय हॅड टू स्कोअर."

अहमद पायऱ्या उतरून हसत आला. "सव्वीस! आणि लेस्लीभाय, तुम्ही रागावता? मी मॅडमना पाठवून पण दिला. खलास!"

लेस्लीला ओरडायचं होतं. पण ओरडणार कुणावर? बापाला मोबाइल कसा धरायचा ते त्यानं सांगितलं होतं, पोरीला कसं खेळायचं ते सांगायचं त्यालाच सुचलं नव्हतं. वर्षभर जे दिसत नव्हतं ते दाखवायला गेला, आणि दाखवायच्या दिवशीच ते नव्हतं.

शनिवारी दुपारी जेवून तो तोच व्हिडिओ लावून बसला. रविवारपर्यंत काहीतरी लिहायलाच हवं होतं. चौथ्यांदा बघताना तस्नीमकडे बघण्याचा त्याला इतका वीट आला की तो बाकीच्या मुलींकडे बघायला लागला. आणि ताठ बसला. त्यानं एका दमात लिहून काढलं:

"मॅडम, हा तिचा खेळ नाही. वडिलांनी सांगितलं म्हणून ती अशी खेळली. तिच्याकडे बघू नका, बाकीच्या चौघींचे हात बघा. ती पुढे निघाली की चौघी न बघता ठरलेल्या जागी धावतात आणि हात वर करतात. सिल्व्हिया तर चेंडू येण्याआधीच उडी मारते. चेंडू येत नाही, तरी पुढच्या वेळी पुन्हा धावतात, पुन्हा हात वर. शेवटच्या मिनिटापर्यंत. असे हात एका दिवसात वर होत नाहीत. वर्षभर चेंडू तिथे मिळाला म्हणून होतात. तो कोण देत होतं, ते मी सांगायला नको."

बुधवारी उत्तर आलं. मॅडमनी लिहिलं होतं: पुन्हा बघितलं, फक्त हात बघितले. मुलीला ट्रायलसाठी पुण्याला पाठवा.

लेस्लीनं ते वाचलं, डोळे पुसले आणि जोसेफीनला वाचून दाखवलं. त्यानं ते अहमदला धाडलं, तेव्हा ती जेवणाची ताटं वाढत होती. दोन मिनिटांत फोन वाजला.

"बघितलंत, लेस्लीभाय? म्हटलं होतं ना, पॉइंट मारल्याशिवाय कोण विचारत नाही! सव्वीस बघून बोलावलं. आता ट्रायलला तर इंशाल्ला पन्नास. तस्नीमला आत्ताच सांगून ठेवलंय, एक पण बॉल कोणाला द्यायचा नाही."

लेस्लीनं भरलेलं ताट बाजूला सारलं आणि गाडीची किल्ली शोधायला लागला.