नणंदबाईंची ट्रायल बॅच

काळजी करण्याच्या बाबतीत आमच्या थोरल्या नणंदबाईंचा हात धरणारं माणूस अख्ख्या भोपाळात सापडायचं नाही, आणि वर शेजारचं मंडीदीप जोडलं तरी निकाल तोच राहील. लग्न होऊन मी नागपूरहून इथे आले तेव्हा स्टेशनवर त्याच आम्हाला घ्यायला आल्या होत्या. प्रवास कसा झाला हे विचारायच्या आधी त्यांनी सामानाचे नग मोजले आणि घाबऱ्याघुबऱ्या म्हणाल्या, "एक कमी आहे." कमी होता तो त्यांचा भाऊ, म्हणजे माझा ताजा नवरा. तो नळावर पाण्याची बाटली भरायला गेला होता. त्याला परत आलेला बघितल्यावर त्यांनी पुन्हा एकदा सगळं मोजलं आणि मगच आम्हाला स्टेशनाबाहेर पडू दिलं.

त्या नेहरू नगरमध्ये राहतात, आम्ही कोलार रोडला. मधलं अंतर फार नाही, पण गॅस बंद केला का, गच्चीचं दार लावलं का, माझ्या मुलीच्या डब्यातलं दही आंबलं तर नसेल, अशा चौकशांचे त्यांचे फोन या अंतरातून दिवसभर धावत असतात. घराला कुलूप लावलं की त्या त्याचा मोबाईलवर फोटो काढतात, म्हणजे बसमध्ये शंका आली तर बघता येतो. मग एकदा त्यांना अशी शंका आली की हा फोटो आजचा कशावरून? तेव्हापासून कुलपाशेजारी त्या दिवसाचं वर्तमानपत्र धरून फोटो काढतात. या बाईला जगात एकच नोकरी शोभली असती आणि नशिबाने तीच मिळाली. मंडीदीपच्या एका औषधांच्या कारखान्यात त्या तपासणी विभागात आहेत. प्रत्येक बॅचपुढे उभं राहून "आणि गडबड झाली तर?" असं विचारायचं, हे त्यांचं काम. जे आम्ही घरात फुकट सोसतो, त्याची तिथे कदर होते.

गेल्या उन्हाळ्यात त्या अचानक एका सकाळी माझ्याकडे आल्या. पोहे-जिलबी समोर होती, पण त्यांनी जिलबीला हात लावला नाही, तेव्हाच मी ओळखलं की काहीतरी मोठं आहे. कंपनीने त्यांना इंजेक्शन विभागाची प्रमुख व्हायला सांगितलं होतं. हे पद त्यांनी याआधी तीनदा नाकारलेलं आम्हाला ठाऊक होतं. त्या विभागात घालायच्या चष्म्याने डोळे दुखतात, असं कारण त्या सांगत. "डोळ्यांचं काही नाही गं," त्या खाली बघत म्हणाल्या. त्या विभागात जाताना डोक्यापासून पायापर्यंत बंद असा पांढरा पोशाख चढवावा लागतो, आणि एकदा आत गेलं की चार-चार तास बाहेर येता येत नाही. सव्विसाव्या वर्षी त्या तिथे शिकायला गेल्या होत्या. पाळीचा दुसरा दिवस होता. त्यांना जात्याच फार जातं. बाहेर आल्या तेव्हा पांढऱ्या पोशाखावर मागे हाताएवढा डाग होता आणि दाराशी पुढच्या शिफ्टची सगळी माणसं उभी होती. कुणी काही बोललं नाही. त्या तशाच ओढणी बांधून बसने घरी आल्या. "यावेळी नाही म्हटलं तर पुन्हा विचारणार नाहीत," त्या म्हणाल्या. "मला ते काम हवंय. फार वर्षं हवंय."

एवढी वर्षं मी या बाईच्या काळजीची नक्कल करून हळदीकुंकवात बायकांना हसवत आले होते. त्या क्षणी मला माझीच लाज वाटली, आणि लाज वाटली की माणूस जे करतं ते मी केलं. नको तेवढ्या उत्साहाने सल्ला दिला. म्हटलं, "ताई, तुम्ही मेन्स्ट्रुअल कप का नाही वापरत? मऊ सिलिकॉनचा असतो. पॅडपेक्षा जास्त मावतं, तासन् तास बघायला नको. मी दोन वर्षं वापरतेय, काही कळतसुद्धा नाही." यातलं शेवटचं वाक्य सपशेल खोटं होतं. कप मी आणला होता खरा. ऑफिसमधल्या मैत्रिणीने फार कौतुक केलं म्हणून मागवला, डबी उघडून एकदा बघितला, आणि एवढं सगळं कुठे जाणार या विचाराने घाम फुटून परत कपाटात ठेवला.

पण ताईंनी माझा शब्द प्रमाण मानला. त्यांनी एक वही केली. आकार, मऊपणा, खालच्या दांडीची लांबी, किती मिलिलिटर मावतं, असे रकाने आखले. बाळंतपण झालेल्या बाईला कोणता, गर्भाशयाचं तोंड खाली असलेल्या बाईला कोणता, सगळं उतरवून काढलं. मग मला बरोबर घेऊन लेडी डॉक्टरकडे गेल्या आणि सतरा प्रश्न विचारले. त्यातले नऊ एकच होते: आत हरवला तर? डॉक्टरीणबाई शांत होत्या. "मॅडम, आप रिलॅक्स रहिए. वहाँ खो जाने की जगह ही नहीं है," असं म्हणून त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. ताईंनी त्या चित्राखाली त्यांची सही घेतली.

कप आल्यावर ताईंनी तो मोजपट्टीने मोजला. लाल शाईच्या पाण्याने भरून चार तास पांढऱ्या कागदावर टांगला. उकळण्यासाठी नवं पातेलं आणून त्याला लाल पट्टी चिकटवली. त्या पट्टीचा त्यांच्या यजमानांनी एवढा धसका घेतला, की ते आठवडाभर चहा प्यायला शेजारी जात होते. इथवर सगळं ठीक चाललं होतं. चूक झाली ती त्यांच्या धंद्याच्या सवयीमुळे. ट्रायल घेतल्याशिवाय कुठलीही बॅच पुढे जात नाही, हा त्यांचा नेम. म्हणून पाळीची वाट न बघता, एका रविवारी, साध्या कोरड्या दिवशी त्यांनी कप घालून बघायचं ठरवलं. मला पत्ताच नव्हता. सकाळी अकराला फोन आला. आवाज अगदी शांत होता. "तू ये. गाडी हळू चालव. पण ये."

मी पोचले तेव्हा यजमानांना कोथिंबीर आणायला पिटाळलेलं होतं आणि ताई न्हाणीघरात आतून कडी लावून बसल्या होत्या. मी दाराला टेकून उभी राहिले.

"निघत नाहीये," त्या आतून म्हणाल्या. "दांडी हाताला लागते. ओढली की वाटतं, आतलं सगळं बरोबर येईल."

"ओढू नका ताई. डबीतल्या कागदावर लिहिलंय, नुसती दांडी ओढायची नाही. बूड चिमटीत दाबायचं, म्हणजे हवा आत जाते आणि पकड सुटते."

"कागद मला पाठ आहे. दाबतेय तर बोटं घसरतात. तू कसा काढतेस ते सांग."

कूलर घरघरत होता. दाराच्या खाली फटीतून त्यांच्या पायांची बोटं दिसत होती, आवळून धरलेली. मनात आलं, आता काहीतरी ठोकून द्यावं, त्यांना धीर येईल. पण ठोकून दिलेलं चुकलं आणि त्यांना इजा झाली तर? पहिल्यांदाच त्यांचा तो प्रश्न मी स्वतःला विचारला.

"ताई, मी तो कधी वापरलाच नाही."

"दोन वर्षं म्हणालीस."

"दोन वर्षं कपाटात आहे."

"कपाटात कुठे?"

"पैठणीच्या खाली."

आतून एक चमत्कारिक आवाज आला. मला वाटलं, बाई रडायला लागल्या. मी दार वाजवणार, एवढ्यात कळलं की त्या हसताहेत. मी त्यांना इतक्या वर्षांत असं हसताना ऐकलं नव्हतं. "पैठणीच्या खाली," असं म्हणत म्हणत त्या हसत राहिल्या, आणि मग मध्येच म्हणाल्या, "थांब. थांब जरा." हसण्याने अंग सैल पडलं होतं. कप आपसूक खाली सरकला आणि चिमटीत आला.

घामाघूम होऊन त्या बाहेर आल्या, पाणी प्यायल्या आणि वही काढून लिहिलं: ‘ट्रायल एक. अडचण: तपासनीस तणावात. मदतनीस खोटारडी.’ मदतनीसाने मान्य करून खाली सही केली. डॉक्टरीणबाईंना फोन केला तेव्हा त्या म्हणाल्या, पाळीच्या दिवसांत ओलसरपणा असतो, तेव्हा सोपं जातं. आणि गेलंच. पुढच्या तीन पाळ्या ताईंनी घरी, बाजारात, कारखान्याच्या बसमध्ये अशी तालीम केली. चौथ्या महिन्यात इंजेक्शन विभागात रुजू व्हायला त्यांनी मुद्दाम पाळीचा दुसरा दिवस निवडला. मी म्हटलं, "ताई, एखादा बरा दिवस बघा ना." त्या म्हणाल्या, "परीक्षा वाईट दिवशीच घ्यायची असते."

त्या दिवशी ऑफिसात मी एकच पत्र तीनदा टाईप केलं. दहाला त्या आत गेल्या असतील, दोनला बाहेर येतील. दोन वाजले, अडीच वाजले, फोन नाही. मी दोनदा उठून पाणी प्याले. डाग पडला असेल, दाराशी माणसं असतील, या वयात त्यांना ते सोसवायचं नाही, आणि हा सगळा उद्योग माझ्या एका थापेतून निघालेला. संध्याकाळी घरी आले तर त्या माझ्याच बैठकीत बसल्या होत्या, पर्स मांडीवर घेऊन.

"काही झालं नाही," त्या म्हणाल्या. "पोशाख कोरा होता. चार तासांत मला एकदासुद्धा आठवण झाली नाही. फक्त काम केलं."

मी म्हटलं, "मग पेढे हवेत."

त्यांनी मान हलवली, आणि त्यांचे डोळे भरून आले. "अगं, माझी पाळीच आता दोन-तीन वर्षांत जाईल. एवढीशी गोष्ट होती. कुणाशी बोलले असते तर काहीतरी मार्ग निघाला असता तेव्हाही. मी वीस वर्षं डोळे दुखतात म्हणून सांगत राहिले."

मी त्यांच्याशेजारी जाऊन बसले आणि त्या रडायच्या थांबेपर्यंत उठले नाही. ओढणी बांधून बसने घरी आलेल्या त्या सव्वीस वर्षांच्या मुलीशेजारी त्या दिवशी कुणीच बसलं नव्हतं, याचं मला फार वाईट वाटत राहिलं.