येक इसा अन् नऊ

नसरापूर मागे पडलं आणि एसटी वेल्ह्याच्या रस्त्याला लागली, तेव्हा मी तिसऱ्यांदा पिशवी उघडून केबल तपासायचा टेस्टर आणलाय ना ते पाहिलं. भाताचं बियाणं विकणाऱ्या एका संस्थेच्या नव्या ऑफिसात नेटवर्कचं काम मला एकटीला करायचं होतं, पहिल्यांदाच. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिस उघडणार होतं. काम फसलं असतं, तर साहेबांनी मला पुन्हा एकटीला पाठवलं नसतं.

वेल्ह्यात उतरले तेव्हा तोरण्याचा माथा ढगात होता. ऑफिसच्या दारात पासली गावचे वायरमन किसनकाका उभे होते.

"म्याडम, गड चढून आल्यागत दमलायसा. आदी च्या घ्या."

"नको, काम करूया." अनोळखी माणसांशी मला एवढंच बोलता येतं.

काकांनी केबल सुरेख ओढल्या होत्या. प्रत्येक टेबलापासून रॅकपर्यंत (सगळ्या केबल जिथे येतात ते लोखंडी कपाट) एकच अखंड केबल, विजेच्या वायरपासून वीतभर लांब. "मदी जोड दिला की तितंच दुखनं," ते म्हणाले.

आता केबलच्या दोन्ही टोकांना एकच नंबर हवा होता. टेबलाकडचे नंबर काकांनी लिहिले होते. रॅकपाशी मात्र अठ्ठेचाळीस सारख्या निळ्या केबल लोंबत होत्या. काका पलीकडच्या खोलीतून हाताला येईल ती केबल ओढत आणि नंबर ओरडत. इकडे जी हलेल तिला मी चिठ्ठी लावायची.

"एकोणतीस! हालतीय का?"

"हो." मी ३९ लिहिलं.

बऱ्याच वेळानं आवाज आला, "एकोणचाळीस!"

मी ४९ लिहिलं आणि हात थांबला. केबल तर अठ्ठेचाळीसच होत्या.

इंग्रजी शाळेत शिकल्यामुळे विसापुढचे मराठी आकडे मला कधी नीट आलेच नाहीत. पुन्हा विचारायची लाज वाटून सकाळपासून मी कित्येक नंबर अंदाजानं लिहिले होते. त्यातले खरे कोणते, हे आता मलाच सांगता येईना.

पलीकडे जाऊन मी काकांना सगळं सांगून टाकलं. ते हसतील असं वाटलं होतं. त्यांनी डबा उघडला.

"आदी जेव. मग पुन्यांदा लावू."

नाचणीची भाकरी आणि वालाची उसळ होती. जेवता जेवता ते म्हणाले, "माजी आय शाळंत गेली न्हाई. पर रोपाच्या जुड्या इस्यानं मोजायची. इसा म्हंजी वीस. येक इसा अन् नऊ, म्हंजी?"

"एकोणतीस," मी म्हणाले. या वेळी बरोबर.

सगळ्या चिठ्ठ्या काढून आम्ही पुन्हा सुरुवात केली. "दोन इस्याला येक कमी!" काका ओरडले आणि मी न अडखळता ३९ लिहिलं. मग प्रत्येक केबलमधल्या आठ बारीक तारा टोकाच्या सॉकेटमध्ये रंगाच्या क्रमानं बसवल्या आणि टेस्टर लावला. एकही केबल चुकली नाही.

शेवटच्या एसटीपर्यंत काका सोडायला आले. "कळलं न्हाई तर इचारायचं, पोरी. वरडाया माजा घसा हाय की." सकाळची म्याडम संध्याकाळी पोरी झाली होती. आभार मानायचे राहिले आणि गाडी सुटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरी त्यांचा फोन आला. "पोरी, दोन इसा अन् आठ. समदी चालू!"

मला मोजावं लागलं नाही. "काका," मी म्हणाले, "कालचा तुमचा चहा घ्यायचा राहिलाय माझा."