अक्काच्या नावावर आलेला रिपोर्ट

मी धुळ्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवते. दहावीला आनुवंशिकतेचा धडा असतो. तो मी इतक्या वेळा शिकवला आहे की फळ्याकडे न बघता आकृती काढता येते. अर्धं आईकडून, अर्धं बापाकडून. पोरं माना डोलावतात, पेपरात बरोबर लिहितात आणि मार्क घेऊन मोकळी होतात. गेलं वर्षभर हा धडा माझ्या डोक्यात जातो. मी शिकवते, पण दात-ओठ खाऊन शिकवते.

माझी थोरली बहीण, अक्का, चोपड्याजवळच्या खेड्यात दिलेली. तिला छातीत गाठ निघाली. जळगावच्या दवाखान्यात तपासण्या झाल्या, कॅन्सर आहे म्हणून सांगितलं आणि आधी केमो, मग ऑपरेशन असं ठरलं. आई सामान बांधून तिच्याकडे राहायला गेली. भाऊजींची केळीची बाग, घरात थकलेल्या सासूबाईंशिवाय माणूस नाही, म्हटल्यावर आई जाणारच होती. मी शाळेतून सुट्टी मिळेल तशी धुळे-जळगाव करत होते. पारोळा, एरंडोल, धूळ, ट्रक आणि बसच्या खिडकीची न लागणारी काच.

दोन केमो झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन नीट समजावलं. काही बायकांच्या शरीरात जन्मापासूनच एखादं जनुक बिघडलेलं असतं. रक्त तपासून ते कळतं. ते असेल तर आजार दुसऱ्या बाजूला होण्याची भीती बरीच वाढते. मग नुसती गाठ काढून थांबणं शहाणपणाचं नसतं, दोन्ही बाजू काढण्याचा विचार करावा लागतो, पुढे औषधही वेगळं देता येतं. नसेल तर गाठ काढायची, रेडिएशनचे शेक द्यायचे आणि लक्ष ठेवायचं.

"म्हणजे असेल तर दुसऱ्या बाजूला होणारच?" मी विचारलं.

"होणारच असं नाही. शक्यता जास्त."

"आणि नसेल तर होणार नाही?"

"तसंही नाही."

मला भयंकर राग आला. एवढी महागडी तपासणी, बाहेरगावच्या लॅबला रक्त पाठवायचं, महिनाभर वाट बघायची, आणि शेवटी उत्तर काय, तर शक्यता! पण तेवढ्या शक्यतेवरच अक्काचं पुढचं ठरणार होतं. अक्काची एकच मागणी होती. ती डॉक्टरीणबाईंना पहिल्या दिवसापासून सांगत होती, "बाई, जेवढं राखता ईन तेवढं राखा." हे सांगताना ती भाऊजींकडे बघायची नाही, भिंतीकडे बघायची.

घरात आधी कुणाला हा आजार होता का, हे पहिल्याच भेटीत विचारून झालं होतं. त्या दिवशी मी शाळेत परीक्षेच्या ड्युटीवर अडकलेली. बायकांचा आजार म्हटल्यावर सगळ्यांनी आईकडे पाहिलं आणि आईनं आपल्या माहेरच्या झाडून सगळ्या बायका सांगितल्या. मावशा, मामेबहिणी, आजी, कुणालाच काही नव्हतं. आमच्या आत्याचं नाव मात्र निघालंच नाही. आत्या नशिराबादला दिलेली, छातीच्या गाठीनंच गेली. पण लग्न करून दिलेली पोरगी त्या घरची झाली, तिचं दुखणंही त्याच घरचं. आमच्याकडे असंच मोजतात. वडील असते तर त्यांना तरी बहीण आठवली असती की नाही, शंकाच आहे.

अक्काच्या पांढऱ्या पेशी फार खाली गेल्या होत्या, म्हणून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रक्तासाठी तिला गर्दीत आणू नका, घरीच माणूस पाठवतो. कागदावर अक्काची सही दवाखान्यातच होऊन गेली होती. लॅबचा माणूस गावी जाऊन रक्त घेऊन आला, असा भाऊजींचा फोन आला. महिन्यानं रिपोर्ट आला. बिघाड सापडला नाही.

मी स्टाफरूममध्ये रडले. आमच्या मुख्याध्यापकांनी स्वतः चहा मागवला, जे ते कधीच करत नाहीत. ठरल्याप्रमाणे केमो पूर्ण झाले, ऑपरेशन झालं, फक्त गाठ आणि आजूबाजूचं काढलं. अक्काचं राखायचं ते राहिलं.

शाळेला जोडून सुट्टी आली तशी मी पेढे घेऊन अमळनेरमार्गे चोपड्याला गेले. अक्का पलंगावर बसून लसूण सोलत होती. डोक्यावर नुकतेच कोवळे केस आले होते. मी तिच्या तोंडात पेढा घातला आणि म्हटलं, "तुझं रक्त चांगलं निघालं म्हणून सगळं निभावलं बघ."

आई चुलीपासून म्हणाली, "तिनं कसानं? रगत त मी दिधं."

मला वाटलं, ऑपरेशनच्या वेळच्या रक्ताबद्दल बोलतेय. म्हटलं, "ते नाही गं, तपासणीचं."

"तेच सांगी राहिनू ना. तो लॅबवाला उना, तवय अक्का उलट्या करी करी झोपेल व्हती. तिनं आंगमा काय रगत उरेल शे? सुईवर सुई. मी सांगं, पेशंट मीच शे, ले मनं." आई भाकरी उलटत होती. "मायनं काय अन् अंडेरनं काय, रगत एकच शे ना?"

लेकीला आम्ही अंडेर म्हणतो. माझ्या हातातला पेढ्यांचा पुडा तसाच राहिला.

त्या माणसानं कसं ओळखलं नाही, हे मला आधी समजेना. मग आईकडे नीट पाहिलं. डोक्यावरून पदर, गाल आत गेलेले, हात काटकुळे. केमो घेतलेली कुठलीही बाई आहे त्यापेक्षा पंधरा-वीस वर्षांनी म्हातारी दिसते. त्यानं वय विचारलं नाही, चेहरा बघितला नाही, ओळखपत्र मागितलं नाही. आमच्याकडे साधं सिमकार्ड घ्यायचं तरी आधार, अंगठा आणि फोटो लागतो. इथे एका बाईचं शरीर कुठे आणि किती कापायचं हे ठरणार होतं, त्याला मात्र आईचं "मीच शे" पुरलं.

मी ओरडले. आईवर ओरडले, भाऊजींवर ओरडले. भाऊजी त्या दिवशी बागेत होते, केळीची गाडी भरत होते, त्यांना कुणी काही सांगितलंच नव्हतं. अक्का म्हणाली, "आते वरडीसन काय व्हई?" तिचं म्हणणं बरोबर होतं, म्हणून मी आणखी ओरडले. अक्काच्या सासूबाई दारात येऊन बघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी जळगावला गेले. डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला आणि लॅबला फोन लावला. लॅबवाले म्हणाले, आमच्याकडे आलेल्या नमुन्यावर पेशंटचंच नाव होतं. नाव होतंच, त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. मी विचारलं, आईत बिघाड नाही, म्हणजे अक्कातही नसेल ना? माझ्या तोंडून हा प्रश्न गेला आणि मलाच माझी लाज वाटली. मी रोज पोरांना शिकवते ते काय आहे? आईकडून आलं नसेल, पण बापाकडचा अर्धा हिस्सा उरतोच. आणि मग, दवाखान्याच्या बाकावर बसल्यावर, मला नशिराबादची आत्या आठवली.

अक्काचं रक्त पुन्हा गेलं. या वेळी मी स्वतः शेजारी उभी राहिले आणि त्या माणसाला तिचं आधार कार्ड दोनदा बघायला लावलं. त्याला माझा राग आला असेल, येऊ दे. पुन्हा महिना गेला. अक्का त्या महिन्यात रोज सकाळी फोन करून रिपोर्टचं विचारायची, "उना का?" आणि मी "नाही" म्हटलं की माझ्या शाळेबद्दल, पोरांबद्दल बोलायची.

रिपोर्ट आला. बिघाड होता.

दोन्ही बाजू काढायचं ठरलं. जे राखलं होतं तेही जाणार होतं. एकदा भरलेल्या जखमेवर पुन्हा ऑपरेशन, पुन्हा ड्रेसिंग, पुन्हा भूल. आधीच कळलं असतं तर एकाच वेळी झालं असतं. अक्काला सांगितलं तेव्हा तिनं भिंतीकडे पाहिलं. मग म्हणाली, "मायले बोलू नको काही. ती मरी जाई." एवढंच. मी हो म्हटलं, कारण तिला नाही म्हणणं मला जमलं नाही.

पण आईला काहीतरी सांगावं तर लागणारच होतं. दुसरं ऑपरेशन कशाला, हे तिनं विचारलंच असतं. ऑपरेशन सोमवारी, आम्ही रविवारी संध्याकाळी जळगावला आलो आणि पिंप्राळ्यात चुलत भावाच्या रिकाम्या खोलीत उतरलो. अक्का आत आडवी झाली होती. आई ओट्यावर शेवग्याच्या शेंगा मोडत बसली होती. मी तिच्याशेजारी बसले आणि आवाज शक्य तितका खाली ठेवून सांगितलं. तुझ्या रक्तात काही नव्हतं. अक्काच्या रक्तात आहे. ते वडिलांच्या बाजूनं आलं, आत्याकडे होतं तेच.

मला वाटलं, ती रडेल. अक्काला भोगावं लागणार ते आपल्यामुळे, हे तिला उमगेल आणि मग तिला सावरायचं कसं, हे माझं मी ठरवतही होते.

आईनं शेंग खाली ठेवली. "मंग मनाकडथीन नही ना गयं?"

"काय?"

"हाई दुखणं. तिले मी नही ना दिधं?" ती माझ्याकडे बघत नव्हती. "तुम्ही बठ्ठा दवाखानामा मनाकडेच देखी राहिंतात. मायकडथीनच येस, असं सांगेत बाया. म्हनीसन मी हात पुढे करा. तिले सुई नको, हाई बी खरं. पन माले समजाले पाहिजे व्हतं."

म्हणजे तिला स्वतःचा निकाल हवा होता. कुणाला विचारायची सोय नव्हती, म्हणून तिनं तो लेकीच्या नावावर मागवला होता. आणि तो तिला मिळाला होता. इतक्या महिन्यांत आमच्या घरात एकाच माणसाला नेमकं उत्तर मिळालं, तेही चुकीच्या माणसाला.

"नाही आई, तुझ्याकडून नाही," मी म्हटलं.

"मंग बरं," आई म्हणाली, आणि तिचा चेहरा खरोखरच उजळला.

आत अक्का झोपेत कुशीवर वळली, पलंग करकरला. सकाळी सहाला तिला दवाखान्यात न्यायचं होतं. आई पुन्हा शेंगा मोडायला लागली. मी उठून रस्त्यावर गेले. तिथेच बसले असते तर तोंडातून असं काही निघालं असतं की ते मला परत घेता आलं नसतं.