थ्रॉटल आपोआप हलतात तेव्हा

बऱ्याच प्रवासी विमानांत इंजिनांची ताकद कमीजास्त करणारे दांडे, म्हणजे थ्रॉटल, बहुतेक वेळ आपोआप हलत असतात. मी कॅप्टन असतानाची एक दुपार आठवते. हवा खडबडीत होती. वेग जरा घटला की दांडे पुढे धावायचे, वाढला की मागे यायचे आणि इंजिनं सारखी गुरगुरायची. मी ती यंत्रणा बंद केली, दांडे हातात घेतले आणि वेगाला थोडं वरखाली होऊ दिलं. इंजिनांचा आवाज हळूहळू एकसारखा झाला.

दुसऱ्या दिवशी उड्डाणाच्या नोंदी पाहून कंपनीतल्या साहेबांनी बोलावलं.

"मॅडम, ही यंत्रणा इंधन वाचवते. तुम्ही बंद का केलीत?"

"शांत हवेत वाचवते, सर. तेव्हा मी तिला हातही लावत नाही. काल ती प्रत्येक धक्क्यामागे धावत होती."

"चूक झाली असं लिहून द्या, विषय संपला."

मी कागद घेऊन बसले. प्रत्येक धक्क्याला उत्तर द्यायलाच हवं, असं यंत्राला वाटतं. काही धक्के आपोआप विरतात, हे माणसाला कळतं. ते कळणं चूक कसं म्हणायचं?

मी लिहिलं, "हवा खराब होती. निर्णय माझा होता. पुन्हा तशी हवा लागली तर पुन्हा हेच करीन."

साहेबांनी वाचलं. "यात माफी कुठे आहे?"

"लिहिलेली नाही, सर."

त्या वर्षी माझी बढती हुकली. वाईट वाटलं, पण त्या तीन वाक्यांतला एकही शब्द मी आजही बदलणार नाही.