गुरुवारी वादळ बघायला

वादळ बघायला जाणाऱ्या माणसांची मला किळस येते. सौम्य शब्द शोधून पाहिला, सापडला नाही.

मी चाकणला फोर्जिंगच्या कारखान्यात आहे. धाकटा भाऊ रत्नागिरीकडे मासेमारीच्या बोटीवर तांडेल, म्हणजे बोट त्याच्या हातात. त्या ऑक्टोबरात निघायच्या आधी त्याचा फोन आला होता. "पाणी कसं कोमट लागतंय बघ. वारा पण पडलाय." मला ते आवडलं नाही. इशारा आला तोवर बोट रेंजच्या बाहेर गेली होती.

कोमट समुद्रावर ढग कसा वाढतो हे मी शाळेत शिकलो, त्याची भीती मात्र घरात शिकलो. पाण्याची वाफ वर जाते, गार होते, तिचे थेंब बनतात. बनताना ती पोटातली ऊब सोडते. त्या उबेनं ढग आणखी वर चढतो आणि खालून ओली हवा ओढून घेतो. पाणी गरम आहे तोवर त्या हावरटाचं पोट भरत नाही. वर जायला वाव उरला नाही की त्याचा माथा आडवा पसरतो, ऐरणीसारखा सपाट.

कँटीनच्या टीव्हीवर अशाच ढगांचा पांढरा भोवरा फिरत होता. "काय भारी दिसतंय राव!" कुणीतरी म्हणालं. लगेच बेत सुरू झाले. गुरुवारी सुट्टी, दोन गाड्या काढू, किनाऱ्यावर जाऊन लाटा बघू. कोंबडी कुठे मिळेल याचीही चर्चा झाली. मी अर्धं ताट ठेवून उठलो.

फोन गेटवरच्या लॉकरमध्ये. शिफ्ट सुटल्यावर लावला तर भाऊ संपर्काबाहेर. कंपनीच्या बसमध्ये शेजारी मोशीचा एक लाइनवरचा माणूस बसला. खिडकीतून गुटख्याची पिंक टाकून त्यानं ओल्या बोटानं मोबाइल माझ्यापुढे धरला.

"भावा, ही लाट बघ! बोट कशी नाचती हाय!"

जेटीवरून कुणीतरी काढलेला व्हिडिओ. वर फिल्मी गाणं चिकटवलेलं. मी तोंड फिरवणार तेवढ्यात बोटीवरचं निशाण दिसलं. पोपटी, जरीच्या काठाचं. आमच्याकडे दर नारळी पौर्णिमेला आईच्या जुन्या लुगड्याचं निशाण शिवतात. यंदा ते पोपटी होतं.

"पुन्हा लाव," मी म्हणालो. ज्याची किळस येत होती तेच मी डोळे फाडून बघत होतो. माणसं ओरडत असणार, पण गाण्यापुढे काही ऐकू येत नव्हतं. बोट लाटेवर चढली, आडवी झाली, आणि व्हिडिओ संपला.

"पुढचं कुठंय?"

"पुढचं न्हाई. भारी भाग एवढाच हाय."

"माझा भाऊ आहे त्यात."

त्यानं मोबाइल खिशात घातला आणि मोशीपर्यंत बाहेर बघत बसला. मला वाटलं, लाजला असेल.

घरी पोचल्यावर फोन आला. "आलो," भाऊ एवढंच म्हणाला. मागे आई रडत होती. मी पायरीवरच बसून राहिलो.

दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये तोच माणूस ताट घेऊन माझ्यासमोर आला.

"आला का भाऊ?"

"आला."

"बरं झालं, देव पावला." त्यानं भातावर आमटी ओतली. "त्याच्याकडं आतनं काढलेला व्हिडिओ असंल ना? पाठवायला सांग की."